महायुद्धात ज्यूंना लपवणाऱ्या एका साध्या माणसावर कादंबरी लिहितोय. त्याचं धैर्य खोटं वाटू नये म्हणून काय करावं?

त्याला पैसे घेऊ द्या. चेष्टा करत नाहीये.

सात वर्षांपूर्वी मी एक दीर्घकथा लिहिली होती. डेन्मार्क, ऑक्टोबर १९४३. धरपकड होणार ही बातमी जर्मन वकिलातीतल्याच डुकविट्झने फोडली आणि ७,००० हून जास्त ज्यू, बरेचसे मासेमारीच्या होड्यांतून, स्वीडनला निसटले. माझा नायक गिलेलाय बंदरातला कोळी. दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबाला तो आधी भाडं सांगतो, तेही सणसणीत. होडी जप्त झाली तर पोरं खाणार काय, एवढा साधा हिशेब.

लेखनगटात वाचन झालं. एक ज्येष्ठ सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, "हा नायक की नावाडी?" लोक हसले. मी भिडेला बळी पडून भाडं काढून टाकलं आणि दोन पानांत कोळ्याचा संत झाला. कथा छापून आल्यावर एका वाचक बाईंनी कळवलं, "गोष्ट आवडली, पण तो माणूस काही भेटला नाही." अहो, होता की तो! पहिल्या खर्ड्यात होता.

कोळ्यांनी पैसे घेतले ही काही माझ्या मनाची गोष्ट नाही. सुरुवातीला तर भाडी फारच चढी होती, आणि ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यासाठी लोकांनी पैसे उभे केले. त्याच गिलेलायमध्ये चर्चच्या माळ्यावर लपलेले ८० च्या आसपास लोक गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती लागले. ते कळल्यावरही माझा कोळी दुसऱ्या रात्री होडी काढतो. भाडं घेऊनच काढतो. आता सांगा, भित्रा आहे का तो?

आणि पैसा दुसऱ्या बाजूलाही होताच. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ज्यूंना हुडकून देणाऱ्यांना माणशी ७.५० गिल्डर मिळायचे. तुमच्या नायकाच्या शेजाऱ्यालाही हा दर ठाऊक असेल, हे विसरू नका.

तुमचा नायक घरात कुणाला लपवत असेल तर बंदुकीआधी रेशनचा विचार करा. लपलेल्या माणसाच्या नावाने रेशन उचलता येत नाही. चौघांच्या कुपनांत सहाजण जेवतात, आणि बायको रोज पाव कापताना गप्प असते. मला विचाराल तर कादंबरी त्या गप्प बसण्यात आहे.

हां, कथा पोलंडमध्ये घडत असेल तर माझं भाड्याचं गणित जसंच्या तसं उचलू नका. तिथे आसरा देणाऱ्याला देहदंड होता, डेन्मार्कमध्ये तसं नव्हतं. आणि एक पैही न घेणारे डॅनिश कोळीही होतेच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझा त्यांच्यातला नव्हता, इतकंच.

ते ज्येष्ठ सभासद इथे उत्तरं वाचतात असं कानावर आलंय. सर, पुढच्या आवृत्तीत भाडं परत घातलंय. थोडं वाढवूनच.