डोक-सनने जंग-ह्वानला का नाही निवडलं?

प्रश्न : ताई, 'रिप्लाय १९८८' ही कोरियन सिरीयल काल संपवली आणि राग काही जात नाहीये. जंग-ह्वानने बसच्या गर्दीत डोक-सनला धक्का लागू नये म्हणून किती जपलं तिला, सकाळी ती बाहेर येईपर्यंत दारात उगाच रेंगाळायचा, आणि एवढं करून ती लग्न तेकशी करते? लेखिकेने चीटिंग केलं ना सरळसरळ? - एक वाचक, पुणे

उत्तर : (ज्यांची बघायची राहिलीये त्यांनी इथे थांबा, पुढे सगळं उघड केलंय.) अगं, जंग-ह्वानसाठी मीही रडलेय, पण चीटिंग मला नाही वाटत. आपण सगळे 'कोणी तिच्यावर जास्त प्रेम केलं' हेच मोजत बसतो आणि डोक-सनला काय हवंय ते बघायचं राहूनच जातं. ही मुलगी घरात मधली, मोठी बोरा हुशार आणि तापट, धाकटा नो-उल मुलगा, अंडी दोनच असली की ती त्या दोघांच्या ताटात जाणार, हिचा वाढदिवससुद्धा बोराच्या केकवर उरकणार. म्हणून मग मैत्रिणींनी सांगितलं गल्लीतल्या सन-वूला तू आवडतेस की ही लगेच सन-वूच्या प्रेमात, नंतर जंग-ह्वानचं नाव निघालं की तिकडे. आपण कोणालातरी आवडतोय हेच तिला केवढं मोठं वाटतं! मग गल्लीतलाच मित्र डोंग-र्योंग, जो अभ्यासात कायम तळाला असतो, तोच तिला सांगतो की तू कोणाला आवडतेस ते सोड, तुला कोण आवडतं ते बघ. माझ्यासाठी सिरीयल इथे वळते.

आता तेकसोबतची ती आठव. तेक बदुक म्हणजे 'गो' हा पटावरचा खेळ खेळतो, त्याच्या मॅचसाठी ती त्याच्याबरोबर चीनला जाते, त्याचं खाणं, झोप, खोली सगळं सांभाळते, आणि जिला घरी ढ म्हणतात तीच तिथे किती कामाची निघते. तेकजवळ ती स्वतःला कमी समजत नाही, हे मला त्या दोघांच्या किसपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आणि जंग-ह्वान, त्याला तेकच्या मनातलं कळलं आणि तो मागे सरला, दोस्ती म्हणून, ते खरंच मोठं मन आहे. पण त्यामुळे डोक-सनला काही कळलंच नाही ना. १९९४ मधली ती कॉन्सर्टची रात्र, हा सिग्नलवर अडकत अडकत पोचतो आणि तेक आधीच तिथे, मॅच सोडून आलेला. तेव्हा तो स्वतःच कबूल करतो की दोष सिग्नलचा नाही, आपण कचरलो. नंतर हॉटेलात मित्रांसमोर अंगठी ठेवून मनातलं सगळं बोलतो आणि पुन्हा चेष्टेवर नेतो, तो सीन मी अजून पुढे ढकलून बघते. पण तिने निवडायचं तरी कसं, जे तिच्यासमोर कधी नीट ठेवलंच गेलं नाही?

प्रश्न : मुलीच्या आग्रहाने पहिला एपिसोड बघतेय, केवढा लांब आहे! लव्हस्टोरी कुठाय? पुढे बघू का? - नाशिकहून एक आई

उत्तर : बघाच, आणि पहिला एपिसोड अर्धवट सोडू नका. सोलच्या सांगमुन-दोंगमधली गल्ली आहे, १९८८ च्या ऑलिंपिकचं वर्ष, डोक-सन उद्घाटनात मादागास्करची पाटी धरायची म्हणून महिनोन्महिने प्रॅक्टिस करते आणि तो देश ऐनवेळी येतच नाही. त्यात वाढदिवसाचं ते भांडण. मग रात्री बाबा छोटासा केक घेऊन गल्लीत तिची वाट बघतात आणि म्हणतात की मी काही जन्मापासून बाप नव्हतो, मलाही हे पहिल्यांदाच आहे. मुलीशेजारी बसून बघा हा सीन. लव्हस्टोरी येते सावकाश, पण तुम्हाला बहुतेक आईवडिलांचीच गोष्ट जास्त लागेल.

प्रश्न : आधी 'रिप्लाय १९९७' आणि 'रिप्लाय १९९४' या सिरीयल बघाव्याच लागतील का? - कोल्हापूर

उत्तर : नाही, तिन्ही गोष्टी वेगळ्या. १९९७ आली २०१२ मध्ये, १९९४ पुढच्या वर्षी आणि १९८८ सुरू झाली २०१५ मध्ये. फक्त नायिकेचे आईबाबा तिन्हीत तेच दोघं कलाकार आहेत, सोंग दोंग-इल आणि ली इल-ह्वा, त्यामुळे १९८८ बघून झाली की बाकीच्या दोन लावाल तेव्हा घर ओळखीचं वाटेल.