तक्त्यावर रोज चारच का?

‘माणसं चांगली आहेत, कामाची आहेत, पण एकत्र आली की काम होत नाही. मीच कमी पडते का?’ हा प्रश्न माझ्याकडे शाळेतून येतो, बँकेतून येतो, जिनिंगमधून येतो. यावेळी तो घेऊन आल्या होत्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तरुण डॉक्टर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बदलीचा अर्ज लिहून पर्समध्येच ठेवला होता.

मे महिन्यातली गोष्ट. लस ठेवायच्या फ्रीजचं तापमान 2 ते 8 अंशांत राहायला हवं. रोज सकाळ-संध्याकाळ ते बघून तक्त्यावर लिहायचं असतं. बाहेरचं ऊन बघून कुणीतरी बटण फिरवलं आणि थंडी वाढवली, भल्यासाठीच. लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांनी झाकण उघडलं, तर तळाच्या पेंटाव्हॅलंटच्या बाटल्या गोठलेल्या. ही लस गोठली की टाकूनच द्यावी लागते. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, बाळं घेऊन आलेल्या बाया तशाच उन्हात परत गेल्या. त्यांची समजूत घालणं आशाताईच्या वाट्याला आलं. आणि तक्त्यावर? कितीतरी दिवस चार, चार, चार.

बाटलीच्या लेबलवर एक खूण असते. उष्णता लागली की तिचा रंग बदलतो. गोठल्याचं मात्र ती खूण सांगत नाही. ते माणसानंच सांगावं लागतं. आणि सफाईच्या मावशींना बर्फ दोन दिवस आधीच दिसला होता.

“मग बोलल्या का नाहीत?” डॉक्टर मला विचारत होत्या. मी उलट विचारलं, “तुम्हाला शेवटची वाईट बातमी स्वतःहून येऊन कुणी सांगितली?”

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग आठवलं. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात याच मावशी बीपीचं मशीन पडल्याचं सांगायला आल्या होत्या. ओपीडीत गर्दी होती. पेशंटसमोरच डॉक्टर म्हणाल्या होत्या, “एवढंही कळत नाही का तुम्हाला?” त्या हे विसरल्या होत्या. केंद्रातलं कुणीच विसरलं नव्हतं.

पुढे मी मावशींशीही बोलले. “सांगतलं असतं तं माह्यावरच आलं असतं, बाई. म्हनून म्या तोंडच नाई उघडलं.”

इथे मी डॉक्टरांना एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिका रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, चुका लपवत नव्हत्या. 1999 साली त्यांनी एका कारखान्यातल्या 51 टीमवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही दिसलं की जिथे विचारायची, चूक सांगायची भीती नसते, तिथे माणसं एकमेकांकडून शिकतात आणि काम सुधारतं.

“म्हणजे तक्त्यावर खोटं लिहिणाऱ्याला काहीच म्हणायचं नाही?” डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. म्हणायचं, नक्की म्हणायचं, पण एकटीला बसवून. आणि नियम सगळ्यांना आधीच माहीत हवा: चूक सांगितली तर आपण मिळून दुरुस्त करू, लपवली तर जाब द्यावा लागेल. हा फरक स्पष्ट नसला की धाक तरी उरतो नाहीतर ढिलाई. टीम दोन्हींत मोडते.

बैठकीची रीत आम्ही बदलली. आधी मावशी बोलतील, मग आशाताई, मग सिस्टर, डॉक्टर सगळ्यात शेवटी. 2010 मध्ये 699 जणांच्या छोट्या गटांवर झालेल्या एका अभ्यासात गटाची कामगिरी सगळ्यात हुशार माणसावर फारशी अवलंबून नव्हती. बोलायची पाळी सगळ्यांना सारखी मिळते का आणि समोरच्याचं मन वाचता येतं का, यावर ती जास्त अवलंबून होती. आमच्याकडे मोठं माणूस आधी बोललं की बाकीचे ‘हाव’, म्हणजे हो, म्हणून मोकळे होतात, हे तर मी लहानपणापासून बघत आले आहे.

पहिल्या दोन बैठका चहा पिण्यात गेल्या. कुणी तोंड उघडेना. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी आधी स्वतःची एक चूक सांगितली आणि बीपी मशीनच्या दिवसाबद्दल सर्वांसमोर मावशींची माफी मागितली. मला विचारून नव्हे, त्यांच्याच मनानं. मावशींनी पदर डोळ्याला लावला. बोलल्या मात्र काहीच नाहीत.

बोलल्या त्या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत. आशाताई आधी म्हणाल्या, “मॅडम, दहाले बाया वावरात असतात. आपन कोनाले टोचतो मंग?” मावशींनी जोडलं की पोडावर सकाळी सातला गेलं तर सगळ्या घरीच भेटतात. सत्राची वेळ बदलली. औषध वाटपाचे साहेब अजूनही फुगूनच बसतात. त्यांचं दुखणं वेगळं आहे, त्याला वेळ लागेल.

बदलीचा अर्ज दिला का, हे मी विचारलं नाही. परवा डॉक्टरांनी तक्त्याचा फोटो पाठवला. 4, 5, 4, 6, 5. एका चौकटीत लाल पेनानं 1, आणि बाजूला बारीक अक्षरात: ‘बटन कोनं तरी फिरवलं. मॅडमले रात्रीच फोन केला.’