दहशतवादी संघटना टिकतात कशा, याचा अभ्यास कुठून सुरू करावा?

एम.ए.च्या प्रबंधासाठी ‘दहशतवादी संघटनांना मिळणारा आधार’ हा विषय घेतलाय आणि सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्याकडचा, म्हणून उत्तर नक्षलवाद्यांपुरतंच देतो. पीपल्स वॉर आणि एमसीसी (माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर) हे दोन नक्षलवादी गट मिळून २००४ साली झालेली भाकप (माओवादी) २००९ पासून केंद्राच्या यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) यादीत दहशतवादी संघटना म्हणून आहे. आमच्याकडे मात्र कुणी दहशतवादी म्हणत नाही, ‘जंगलवाले’ म्हणतात. कशाला काय म्हणतात, हेही वहीत लिहून ठेवा.

विचारसरणी आणि पत्रकं नंतर वाचा. आधी तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हिशोब समजून घ्या.

कॉलेजात असताना दोन उन्हाळे मी फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता खरेदीच्या जागी, पुडे मोजून घेणाऱ्या मुन्शीच्या हाताखाली होतो. मे महिन्यात लोक पहाटेच्या अंधारात जंगलात जातात, दुपारी ओसरीवर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर आणतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. या थोड्या दिवसांत घरात जी रोकड येते, ती बाकी वर्षात कुठून येत नाही. १९८० च्या सुमारास पीपल्स वॉरची दलमं (सशस्त्र तुकड्या) गोदावरी ओलांडून सिरोंच्याकडून आली, तेव्हा त्यांनी पुड्याचा दर आणि बांबूकटाईची मजुरी वाढवून मागितली. ती वाढलीही. गावाशी त्यांची सोयरीक जुळली ती इथं. पुढं त्याच तेंदूवर वसुली सुरू झाली. ठेकेदार काही खिशातून देत नव्हता, बोली लावतानाच तेवढा पैसा बाजूला काढून भाव धरायचा. म्हणजे वर्गणी भरत होती पुडे बांधणारी बाई, फक्त पावती दुसऱ्याच्या नावाची. (अफगाणिस्तानात तालिबान शेतमालावर ‘उश्र’ म्हणून दहावा हिस्सा घेत, ते वाचताना मला आमची फळीच आठवली.)

रस्त्यांच्या कामांचंही तेच. पैसे दिले नाहीत तर यंत्रं जळायची, कधी दिले तरी जळायची. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ पोलीस आणि गाडीचा चालक मारले गेले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, जवान तिकडेच निघाले होते.

पण बंदूक पैशावर चालते, दलम भातावर. इथं अभ्यासक हमखास चुकतात. गावात येऊन ‘तुम्ही त्यांना मदत करता का?’ असं विचारतात, मग आकडा काढून त्याला ‘जनसमर्थन’ म्हणतात. माझ्या आजीनं एकदा रात्री सात जणांचा भात रांधला होता. सकाळी मी चिडलो, तर म्हणाली, “दारात बंदूक घेऊन आले त भात द्याच लागते बाप्पा. ते जातीन, पोलीस येतीन, तेही जातीन. आपल्याले त इथंच राहाचं हाये ना?” आता हा भात कोणत्या रकान्यात टाकाल? एखाद्याचा भाचा दलममध्ये असतो, एखाद्याला फॉरेस्ट गार्डनं लाकडासाठी मारलेलं असतं, आणि बऱ्याच जणांनी ‘खबरी’ म्हणून मारलेल्या माणसाजवळ पडलेलं पत्रक पाहिलेलं असतं. वरून सगळ्यांची वागणूक एकच दिसते: जेवण देणं आणि गप्प बसणं.

म्हणून थेट विचारण्यापेक्षा कागद धुंडाळा. न्यायालयाच्या निकालांत जप्ती पंचनामे असतात. तांदूळ, मीठ, औषधं, बॅटऱ्या, कापड अशा याद्या वाचल्या की कोणती वस्तू बाजारातून येत होती आणि कोणती गावातून, ते कळतं. आत्मसमर्पण केलेल्यांच्या मुलाखती जपून वापरा. ते खोटं बोलतात असं नाही, पण तीच गोष्ट पन्नास वेळा सांगून गुळगुळीत झालेली असते.

दुसरं, प्रश्न उलटाही विचारा: आधार आटला कसा? १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती यानं ६० साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. त्याच्या कितीतरी आधीच आमच्या भागातली पोरं दलममध्ये जाणं कमी झालं होतं. लोक रस्ते, टॉवर, पोलीस भरती, सी-६० (गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी पथक) अशी कारणं सांगतात, ती आहेतच. मी त्यात मेंढा-लेखा जोडेन. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. गावाचा हिशोब गावापुढं वाचला जाऊ लागला की मधल्या माणसाची जागा आक्रसते. सगळीकडे असं झालं नाही. काही ग्रामसभांवरही दबाव आला, काहींचे पैसे ठेकेदारानं बुडवले. प्रबंधासाठी अशी दोन शेजारची गावं घ्या, एक हिशोब वाचणारं आणि एक न वाचणारं.

वहीत कुणाचं नाव लिहू नका, गावाचंही नाही. गाडी सरकारी घेऊ नका. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा दिवाळीनंतर या. मे मध्येच यायचं असेल तर प्रश्न बाजूला ठेवून ओसरीवर पुडे बांधायला बसा. पहिल्या दिवशी तुमचे पुडे मुन्शी परत करेल.