जमिनीवर बागेचं आरक्षण पडलं आणि भाव कोसळला; सरकार भरपाई देतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नव्या विकास आराखड्यात निम्म्या जमिनीवर उद्यानाचं आरक्षण, उरलेली हरित पट्ट्यात, गिऱ्हाईक निम्म्या भावालाही हात लावत नाही, तर हा फरक कोण भरून देणार?

कोणी नाही. आरक्षणाचे पैसे मिळतात ते जागा ताब्यात घेतील तेव्हा. नकाशावर रेघ मारल्याचे नाहीत. हरित पट्ट्याचे तेवढेही नाहीत, कारण जमीन तुमच्याच नावावर राहते, फक्त हवं तसं बांधकाम करता येत नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीत मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला, उरलं ते कलम 300-अ, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही एवढंच.

आता आमचं ऐका. वडिलांच्या दीड एकरावर असंच उद्यान पडलं होतं. गाव ‘क’ वर्ग नगरपालिकेचं. नाव लिहीत नाही, अजून तिथंच राहायचंय. नगररचना कार्यालयात वडिलांबरोबर नकाशा बघायला गेलो होतो. उद्यानाच्या आरक्षणाची कड ओढ्याच्या बाजूनं सरळ येत होती, आमच्या शेजारच्या रानापाशी कोनात वळली आणि आमची विहीर आत घेऊन परत सरळ झाली. शेजारी कोण होतं ते सांगायला नको. वडिलांनी बोट ठेवून विचारलं, “इथं का वळलीय?” आरेखक म्हणाला, “काका, हरकत लिहून द्या.” दिली. सुनावणी झाली, चहासुद्धा मिळाला, रेघ तिथंच राहिली.

पुढं ती जमीन नावालाच आमची. बँक तारण घेईना. जनावरांचा गोठा वाढवायची परवानगी नाही. गावातल्या पाडलेल्या घरांची माती रात्रीत आमच्या रानात येऊन पडायची आणि ती साफ करा म्हणून नोटीस आम्हालाच. बाग मात्र कोणी केली नाही, एक झाड लावलं नाही. पालिकेकडं पैसे कुठं होते? 2013 च्या भूसंपादन कायद्यानं शहरात बाजारभाव आणि वर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट द्यावी लागते. पैशांऐवजी टीडीआर (दुसऱ्या जागेवर जादा बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क) घ्या म्हणाले. पुण्या-मुंबईत त्याला भाव आहे. आमच्याकडं तीन मजल्यांवर कोणी बांधत नाही, तो टीडीआर काय फ्रेम करून भिंतीला लावायचा?

आमचे दाजी (थोरल्या बहिणीचे यजमान) तेव्हापासून एकच सांगत होते: “गुंठे पाडा आणि मोकळे व्हा.” त्यांची जमीन ओढ्यापलीकडं, त्याच आराखड्यात, क्रीडांगणाच्या आरक्षणात. त्यांनी शंभराच्या स्टँपवर नोटरी करून गुंठा-गुंठा विकली. आज तिथं दोनशे घरं, गटार नाही, रस्ता एक गाडी जाईल एवढा. वडील ऐकले नाहीत. त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही, पण दर दिवाळीला “कायदा पावला का रे?” हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

तर पावला, पण वाकडी वाट करून. एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) कलम 127 बघा. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालकानं मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन सुरू झालं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं, आणि लगतच्या जमिनीला जो वापर मंजूर आहे तो तुम्हाला. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा केली, 2015 मध्ये चोवीस. आम्ही नेमके चोवीसात सापडलो. मुदत संपत आल्यावर पालिकेनं सर्वसाधारण सभेत संपादनाचा ठराव केला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र धाडलं. हा जुना डाव. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्येच सांगितलंय की नुसता ठराव आणि पत्र म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. तरी उच्च न्यायालयात जावंच लागलं, आणि राजपत्रात सूचना निघेपर्यंत वडील राहिले नव्हते.

माझं मत विचाराल तर सार्वजनिक कामासाठी एकाच्याच रानावर खूण केली असेल, तर पहिल्या दिवसापासून भाडं द्या, नाहीतर खूण करू नका. पैसे द्यायचे नाहीत आणि सोडायचंही नाही, यातूनच गुंठेवारी जन्मते. मालकाला पैसे नाहीत, गावाला बाग नाही, मधल्यामध्ये दाजी.

मात्र हरित पट्ट्याबद्दल माझं असं म्हणणं नाही, आणि इथं तुम्हाला राग येईल. सगळ्यांना सारखा लागू असलेल्या नियमामुळं भाव पडला म्हणून तिजोरीतून पैसे द्यायचे झाले, तर रस्ता आल्यावर भाव वाढतो तेव्हा आपण परत देतो का? अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात 2004 मध्ये लोकांनी मतदानानं तसा कायदा केला होता: किंमत पडली तर भरपाई द्या, नाहीतर नियम माफ करा. पैसे कोणाकडंच नव्हते, म्हणून माफ्याच वाटल्या गेल्या. 2007 मध्ये त्याच मतदारांनी त्याला लगाम घातला. पुण्याच्या टेकड्यांवरचं बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) हे आरक्षण आणि हरित पट्टा यांच्या मधलं प्रकरण. टेकड्या राहिल्याच पाहिजेत, पण मालकाला 8 टक्के टीडीआर हा मोबदला म्हणायचा की समजूत?

तुमचा आराखडा अजून प्रारूप (मसुदा) असेल तर हरकत आधी, तीही मुदतीत. भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जमिनीपुरता नकाशा) आणि मोजणी जोडून. आधीच्या आराखड्यातही आरक्षण होतं आणि दहा वर्षं उलटलीत, तर सुधारित आराखडा मंजूर व्हायच्या आत 127 ची नोटीस द्या. उशीर केलात तर नव्या तारखेपासून पुन्हा दहा वर्षं मोजतात. सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा तसा निकाल आहे. मी वकील नाही, नोटीस वकिलाकडूनच करून घ्या आणि आवक क्रमांकाची पोच जपा.

आणि कोणी गुंठे पाडा म्हणालं तर हे लक्षात असू द्या. 2021 मध्ये कायदा बदलून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय केली, तेव्हा दाजी मला म्हणाले, “बघ, सरकारच आमच्या मागनं आलं.” मी विचारलं, ते शुल्क कोण भरतंय? गुंठा घेतलेली माणसं भरतायत, दाजी नाहीत. यावर त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.