अडीच महिन्यांची पिल्लं खुराड्यात जात नाहीत

प्रश्न : ताई, वैशाखात आम्ही महिन्याची 24 पिल्लं आणली. 14 गावठी आणि 10 वनराजा, म्हणजे सुधारित जातीची. आता ती अडीच महिन्यांची झाली. इतके दिवस रात्री पडवीत डालग्याखाली ठेवत होतो, ती मावेनात म्हणून यांनी परसात नवं खुराडं बांधलं. पण पिल्लं आत जायला तयार नाहीत. अंधार पडला की गावठी आंब्यावर चढतात आणि वनराजा पडवीच्या पायरीवर एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसतात. पंधरा दिवस रोज रात्री बॅटरी घेऊन पकडापकडी चालली आहे. सासूबाई म्हणतात, कोंबड्यांना कोण शिकवतं, आपोआप जातील. आमचं काय चुकतंय?
– एक वाचक भगिनी, ता. पाटण

उत्तर : वहिनी, आधी सासूबाईंबद्दल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्या काळी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायचे. कोंबडी तिन्हीसांजेला खुराड्यात शिरायची आणि पिल्लं तिच्या मागोमाग. ती शिकवत होती, आपल्याला दिसत नव्हतं इतकंच. तुमच्या पिल्लांना आईच नाही, म्हणून ते काम तुमच्याकडे आलंय.

आणि तुमची पिल्लं हट्टी नाहीत. वनराजा रोज घरीच परत येतायत, फक्त त्यांचं घर पडवी आहे. महिनाभर जिथे झोपली, तिथेच ती येणार. गावठींचं वेगळं. कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, आणि रानकोंबडे रात्री झाडावरच बसतात. तुमच्या कोयनेच्या रानातला करडा रानकोंबडाही तसाच. हलक्या अंगाच्या गावठीला फांदी दिसली की ती चढणारच. वनराजा अंगाने जड, तिला ते जमत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पिल्लं आठ दिवस बाहेर सोडूच नका. दाणा, पाणी, सगळं खुराड्यात. दिवसा आत कोंदट होत असेल तर दाराला लागून जाळीचा छोटा वाडा करा, पण त्याचं दुसरं तोंड बंद. ती ओरडतील, तुमचा जीव कळवळेल. माझाही कळवळायचा. तरी दार उघडायचं नाही. आठ दिवसांत 'आपण इथे राहतो' हे त्यांच्या डोक्यात बसतं.

नवव्या दिवशी सोडा, पण सकाळी नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी, आणि दुपारचा दाणा थोडा कमी करून. लांब जायला वेळ नसतो आणि पोटात भूक असते. मग पत्र्याच्या डब्यात कण्या खुळखुळवत खुराड्यात जा आणि आतच टाका. डबा रोज तोच, हाक तीच. चार-पाच दिवस असं झालं की सोडायची वेळ तासातासाने अलीकडे आणा.

आता उजेडाचं सांगते, बहुतेकांचं इथेच अडतं. कोंबडीला अंधुक उजेडात फारच कमी दिसतं. अंगणात अजून संधिप्रकाश असतो तेव्हा खुराड्याच्या आत काळोख झालेला असतो. एकदा तिन्हीसांजेला मी स्वतः खुराड्याच्या दारात उकिडवी बसून आत पाहिलं. मलाच कोंबड्यांची बसायची दांडी दिसेना. पिल्लू त्या काळ्या भोकात कशाला शिरेल? आणि मागे पडवीचा बल्ब लखलखीत! त्याच संध्याकाळी पडवीचा दिवा बंद केला आणि खुराड्यात एक छोटा बल्ब लावला. दारापाशी घुटमळणारी एक लाल तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मान वाकडी करून आत बघत राहिली, मग एक पाय उंबऱ्यावर ठेवला, थांबली, आणि आत गेली. तिच्यामागे सात गेल्या. सगळी बसली की अर्ध्या तासाने बल्ब बंद करायचा. रात्रभर दिवा नको, त्यांना झोप हवी.

दांडीबद्दल. तुम्ही ती किती उंच लावलीय ते लिहिलं नाहीत. पिल्लांसाठी जमिनीपासून फूटभर पुरे, जड वनराजांना तर तेवढीच बरी, उंचावरून उडी मारून पाय दुखावतात. गुळगुळीत बांबूपेक्षा सालीसकट फांदी चांगली, जाडी दीड-दोन इंच. एका पक्ष्याला वीतभर जागा धरा, म्हणजे 24 जणांना नऊ-नऊ फुटांच्या दोन दांड्या. दोन्ही एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज चोचाचोची. पिल्लं कोपऱ्यात ढीग करून झोपली तर एकेकीला उचलून दांडीवर ठेवा, कारण ढिगाखालची गुदमरते. दांडी छातीला हलकेच टेकवली की ती आपसूक पाऊल वर टाकते. अंड्यांची खोकी असतील तर अजून झाकून ठेवा, तिथे झोपायची सवय लागली की पुढे अंडी शिटेने भरतात.

आंब्यावर चढणाऱ्यांना काठीने हुसकू नका. बाहेर सोडल्यावरही दोन-चार जणी पुन्हा चढतील. दिवेलागणीला, त्या पहिल्या फांदीवर असतानाच, दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उतरवा आणि थेट दांडीवर ठेवा. उलटं टांगून नेऊ नका. खालच्या फांद्या छाटता आल्या तर छाटा.

आणि हे 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून ठेवू नका. माझ्या 18 तलंगा एका मृगात फणसावर बसायच्या. मीही म्हणत होते, शिकतील. चार रात्रींत पाच गेल्या. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, झाडावर सरसर चढतो, पावसाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. सकाळी फणसाखाली ओल्या मातीला चिकटलेली पिसं एकेक करून मी उचलली. त्यातली एक माझ्या हातावर दाणे खायची. तेव्हापासून रोज रात्री मोजल्याशिवाय मी कडी लावत नाही. तुम्हीही मोजा, आणि मोजताना एखादीच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. रात्री ती भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर ती आजारी आहे किंवा बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत.

प्रश्न : आमच्या कोंबड्या दोन वर्षं नीट खुराड्यात जात होत्या. गेले दहा दिवस दाराशी येऊन परत फिरतात. – एक वाचक, ता. लांजा

उत्तर : दादा, शिकलेली कोंबडी अशी फिरली तर दोष खुराड्यात शोधा. साप शिरला होता का, कौल सरकून दांडीवर गळतंय का, हे बघाच. पण आज रात्री दहाला बॅटरी घेऊन दांडीची टोकं जिथे भिंतीत घुसतात तिथे पांढरा कागद घासा. कागदावर लाल ओघळ उठले तर ते रक्त पिणारे बारीक किडे आहेत. दिवसा फटीत लपतात, रात्री कोंबडीवर चढतात, म्हणून दिवसा झाडून काही सापडत नाही. सगळी घाण आणि तूस बाहेर काढून जाळा, दांड्या उपसून उन्हात टाका, फटींमध्ये उकळतं पाणी ओता आणि वाळल्यावर आतून चुन्याचा दाट हात द्या. चुना पूर्ण सुकेपर्यंत कोंबड्या डालग्याखाली ठेवा. आठवड्याने हेच पुन्हा करा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे निघालेले असतात. कोंबड्यांचे तुरे फिक्के पडले असतील तर त्यांच्या अंगावरच्या औषधासाठी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. शेतातलं कीटकनाशक मनाने फवारू नका.