लांडग्यातला कुत्र्याचा अंश आपोआप संपतो का?

प्रश्न: पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं 2023 साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, असं वाचलं. अशी पिल्लं खेचरासारखी वांझ कशी निघत नाहीत? आणि ती लांडग्यांतच मिसळली, तर कुत्र्याचा अंश काही पिढ्यांत संपेल ना?
– एक वाचक, सासवड

उत्तर: घोड्याची गुणसूत्रं (पेशीतले जनुकं वाहणारे डीएनएचे धागे) 64, गाढवाची 62, खेचराच्या वाट्याला 63. युग्मकं, म्हणजे शुक्राणू किंवा अंडी, बनताना त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर बहुधा वांझच. लांडगा आणि कुत्रा दोघांचीही 78. जोड्या सहज लागतात, पिल्लांनाही पिल्लं होतात.

पहिलं पिल्लू निम्मं कुत्रा. पुढे दर वेळी जोडीदार लांडगाच मिळाला तर हा अंश सरासरी 25 टक्के, मग 12.5, मग 6.25. पण हिशेब इथे संपत नाही. पहिल्या पिल्लात प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र अख्खं कुत्र्याचं असतं. त्याची युग्मकं बनताना जोडीतली गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. हा पुनःसंयोग. पिढीगणिक गुणसूत्रांवरचे कुत्र्याकडून आलेले सलग डीएनएचे पट्टे आखूड होत जातात. लांब पट्टे दिसले तर संकर अलीकडचा, हे त्यावरूनच ओळखतात.

खरी मेख पुढे आहे. एखादं जनुक लांडग्याला मारक असेल, तर निसर्गनिवड ते काढून टाकते. जिथे अदलाबदल कमी होते, तिथे त्याच्या आजूबाजूचा मोठा पट्टाही सोबत जातो. जिथे ती जास्त होते, तिथे निरुपद्रवी किंवा उपयोगी जनुक मारक शेजाऱ्यापासून सुटतं आणि टिकतं. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग असाच कुत्र्यांकडून आलेला आहे. 2009 साली ते दाखवलं गेलं. म्हणजे टक्केवारी घसरली तरी एखादा तुकडा कायमचा राहू शकतो. आणि दर पिढीला नवा कुत्रा शिरत राहिला, तर निम्म्याचा हिशेबच कोलमडतो.

तपासणीतही एक फसगत होते. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा) डीएनए फक्त आईकडून येतो. नर कुत्रा आणि लांडगीण यांचं पिल्लू त्या चाचणीत सरळ 'लांडगा' ठरतं. त्यामुळे पेशीच्या केंद्रकातल्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेल्या, डीएनएच्या अनेक खुणा तपासाव्याच लागतात. केसाचा नमुना मुळासकट हवा आणि कोरड्या कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते, डीएनए तुटतो. मात्र लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधला, कडक संरक्षण असलेला प्राणी आहे, नमुने स्वतः गोळा करू नका. वेगळ्या रंगाचा प्राणी दिसला तर लांबून फोटो काढा, जागा आणि वेळ टिपा, वन विभागाला 1926 वर कळवा. माळालगतच्या गावांतल्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी मात्र जनुकीय तपासणीच्या कुठल्याही अहवालाची वाट न पाहता सुरू करता येते.