जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवताना

प्रश्न : माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा झाला आहे. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी. चालू केल्यावर कामाला लागण्याजोगा व्हायला सहा-सात मिनिटे जातात आणि साधी फाइल उघडतानाही तो अडखळतो. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) बसवा असे एक जण सांगतो, तर दुसरा म्हणतो की एवढ्या जुन्या यंत्रावर खर्च करू नका. कोणाचे ऐकावे? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : दोघांचेही ऐकण्याआधी लॅपटॉप नेमका कशासाठी थांबतो आहे, हे आपण स्वतः पाहावे. विंडोज सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. यंत्र अडखळत असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला आणि प्रोसेसरचा आकडा मात्र खाली असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसला आहे असे समजावे. आपण सांगितलेली लक्षणे बहुधा याच प्रकारातली आहेत.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या फिरत असतात आणि ग्रामोफोनच्या पिनेप्रमाणे एक वाचक भुजा त्यांवरून मागे-पुढे सरकत असते. लॅपटॉपमधील बहुतेक डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग भुजेखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि त्याआधी भुजा योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणून विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभर तुकडेही गाठू शकत नाही, आणि विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो लहान तुकडे वाचावे लागतात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. तीत माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते आणि कोणत्याही तुकड्यापर्यंत पोहोचायला एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. जाहिरातीत ‘सेकंदाला इतके एमबी’ असा वेग ठळकपणे छापलेला असतो, पण जुन्या लॅपटॉपचा कायापालट होतो तो ही प्रतीक्षा टळल्यामुळे.

तरीही अपेक्षा योग्य ठेवावी. प्रोसेसर जुनाच राहतो, त्यामुळे चित्रफितींचे संपादन किंवा मोठी गणिते पूर्वीइतकाच वेळ घेतील. रॅमचेही तसेच आहे. ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेली माहिती डिस्कवर ठेवू लागते आणि हे काम एसएसडीवर पुष्कळ सुसह्य होत असले, तरी ती रॅमची जागा घेऊ शकत नाही. आपल्या लॅपटॉपमध्ये रॅमचा दुसरा खाचा मोकळा असेल, तर एसएसडी बसवण्यासाठी झाकण उघडाल तेव्हाच रॅम ८ जीबी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दुकानांत साटा, एमसाटा, एम.२, एनव्हीएमई अशी नावे दिसतात. माझ्या लॅपटॉपला कोणती चालेल, हे कसे ओळखायचे?

उत्तर : सर्वांत जास्त खरेद्या चुकतात त्या इथेच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक एसएसडीबाबत दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात: तिचा आकार कोणता आणि ती यंत्राशी कोणत्या पद्धतीने बोलते. साटा ही बोलण्याची जुनी पद्धत आणि एनव्हीएमई ही नवी.

आपल्या यंत्रात आता २.५ इंची हार्ड डिस्क असेल, तर त्याच आकाराची साटा एसएसडी तिच्या जागी तशीच बसते, कारण जोडणीच्या पट्ट्या सारख्याच असतात. फरक पडतो तो जाडीत. बऱ्याच जुन्या डिस्क ९.५ मिलिमीटर जाड होत्या आणि एसएसडी साधारण ७ मिलिमीटरची असते. ती सैल बसू नये म्हणून अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट लावतात, परंतु डिस्क स्वतंत्र धातूच्या कंसात स्क्रूने बसत असेल, तर तिची गरज पडत नाही. लॅपटॉप फार जुना असून त्यात साटाची दुसरी आवृत्ती असेल, तर एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे २७० एमबीपर्यंत मर्यादित राहील. तिसऱ्या आवृत्तीत तो ५५० एमबीपर्यंत जातो. वर सांगितलेली प्रतीक्षा मात्र दोन्हींकडे सारखीच टळते, त्यामुळे केवळ या कारणासाठी बेत रद्द करू नये.

एम.२ हा नुसता एका लहान पट्टीचा आकार आहे. या पट्टीवर २२८० असे लिहिलेले असेल, तर ती २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. २२४२ ही त्याहून आखूड. एकाच आकाराची पट्टी साटा पद्धतीची असू शकते किंवा एनव्हीएमई पद्धतीची. काही लॅपटॉपचा एम.२ खाचा फक्त साटा ओळखतो, काही फक्त एनव्हीएमई, तर काही दोन्ही. पट्टी खाचात व्यवस्थित बसली म्हणजे ती चालेलच, असे समजू नये. शिवाय एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ साली आली, त्यामुळे त्या सुमाराच्या आणि नंतरच्या काही वर्षांतल्याही अनेक लॅपटॉपच्या बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्रातल्याच प्रोग्रॅमला) अशा एसएसडीवरून विंडोज सुरू करता येत नाही. एमसाटा हा एम.२ च्या आधीचा लहान आकार असून तो एम.२ च्या खाचात बसत नाही.

यासाठी लॅपटॉपच्या तळाशी छापलेला पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील देखभाल पुस्तिकेत स्टोरेजचा भाग वाचावा. त्याच पुस्तिकेत झाकण कसे उघडायचे, कोणते स्क्रू रबरी पायांखाली लपलेले आहेत आणि बॅटरीची जोडणी कुठे सोडवायची, हेही दिलेले असते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण थेट मुख्य बोर्डावर झाळलेली असते आणि दुसरा खाचाही नसतो. तिथे हा उपाय करता येत नाही.

प्रश्न : किती क्षमतेची घ्यावी? आणि स्वस्त व महाग यांत फरक काय असतो?

उत्तर : सध्या किती जागा वापरात आहे ते पाहून त्याच्या दुपटीच्या आसपासची क्षमता घ्यावी. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते, कारण नवे लिहिण्यासाठी तिला आतल्या आत माहिती हलवून मोकळे गट तयार करावे लागतात. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसेल, त्याने घाबरू नये. कंपन्या दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढेच त्याचे कारण आहे.

फ्लॅश मेमरीच्या एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या प्रकाराला टीएलसी म्हणतात आणि चार साठवणाऱ्या प्रकाराला क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल सलग लिहिताना तिचा वेग लवकर घसरतो आणि पुन्हा पुन्हा लिहिण्याची तिची सहनशक्तीही कमी असते. किमतीत फार अंतर नसेल, तर टीएलसी घ्यावी. पत्रव्यवहार, वाचन आणि अभ्यास एवढ्याच कामासाठी यंत्र वापरणाऱ्याला मात्र सहनशक्तीची चिंता करण्याचे कारण नाही. हमीपत्रात टीबीडब्ल्यू या नावाने एकूण किती टेराबाइट लिहिता येतील ते दिलेले असते. तो आकडा १०० असेल आणि रोज २० जीबी लिहिले जात असेल, तरी त्याला तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो.

प्रश्न : जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवावी की विंडोज नव्याने टाकावे? माझ्याकडे मुलांचे फोटो आणि बऱ्याच वर्षांचे लेखन आहे, ते जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

उत्तर : आपली इच्छा अगदी रास्त आहे आणि तिच्यापासूनच सुरुवात करावी. एसएसडी विकत आणण्यापूर्वी फोटो आणि लेखन एका वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवावे, त्यातील काही फाइली त्या बाह्य डिस्कवरून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. क्लोन करताना, म्हणजे डिस्क जशीच्या तशी उतरवताना, मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य कोणते, यात उलटापालट झाली, तर रिकाम्या एसएसडीची नक्कल भरलेल्या डिस्कवर उमटते, आणि अशा वेळी केवळ ही वेगळी प्रतच कामी येते.

त्यानंतर जुन्या डिस्कची प्रकृती पाहावी. डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती दाखवणारे विनामूल्य प्रोग्रॅम मिळतात. त्यात रिअॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरांची, म्हणजे खराब झालेल्या किंवा नीट वाचता न येणाऱ्या जागांची, संख्या वाढत असेल किंवा डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवू नयेत. आधी सर्वांत मोलाच्या फाइली काढून घ्याव्यात. संपूर्ण नक्कल हवीच असेल, तर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या विनामूल्य प्रणालीवरील डीडीरेस्क्यू हे साधन उपयोगी पडते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवते आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळते, त्यामुळे दम तोडत असलेल्या डिस्कवर ताण कमी येतो.

डिस्क धडधाकट असेल, तर निवड आपली. अनेक वर्षे वापरलेल्या विंडोजमध्ये नको असलेले कितीतरी प्रोग्रॅम साचलेले असतात, म्हणून मी शक्यतो नव्याने टाकण्याच्या बाजूने आहे. विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्य बोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे केवळ डिस्क बदलल्याने तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. पण पुन्हा मिळवणे कठीण असलेले एखादे सॉफ्टवेअर यंत्रात असेल, तर क्लोन करावे. त्यासाठी साटा ते यूएसबी अशी जोडणी देणारी केबल लागते. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून तो तात्पुरता स्थगित करावा. नवी एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान असेल, तर क्लोनझिलासारखे क्लोन करणारे साधन सहसा अडून बसते. अशा वेळी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मूळ पार्टिशन (डिस्कचा विभाग) आधी आकुंचित करावे लागते.

क्लोन पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवी एसएसडी जोडलेली असावी. दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळख एकच असल्याने त्या एकत्र जोडल्या, तर विंडोज गोंधळते आणि त्यातील एक बाजूला ठेवते. बायोसमध्ये साटा डिस्क चालवण्याची पद्धत एएचसीआय ही नवी आहे ना, तेही पाहावे. ती आयडीई ही जुनी पद्धत असेल, तर ती थेट बदलू नये, कारण विंडोज निळ्या पडद्यावर थांबेल. आधी सेफ मोडमध्ये (विंडोजचे फक्त आवश्यक भाग चालतात त्या पद्धतीत) सुरू होण्याची व्यवस्था करावी, मग बायोसमध्ये बदल करून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करावे आणि नंतर नेहमीच्या पद्धतीकडे यावे.

प्रश्न : एसएसडीला डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) करावे लागते का?

उत्तर : नाही. तुकडे कुठेही असले तरी एसएसडीला ते सारख्याच वेळात सापडतात, त्यामुळे डीफ्रॅगने फक्त लिहिणे वाढते. विंडोज ८ पासून पुढे ‘ऑप्टिमाइझ’ ही सोय एसएसडीला ओळखून ट्रिम ही आज्ञा देते, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे कळवते. ती सोय बंद करू नये.

प्रश्न : डीव्हीडी ड्राइव्ह मी वापरतच नाही. त्या जागी जुनी हार्ड डिस्क ठेवता येईल का?

उत्तर : येईल. त्यासाठी कॅडी नावाची चौकट मिळते, मात्र ड्राइव्हची जाडी ९.५ मिलिमीटर आहे की १२.७, हे मोजून घ्यावे. एसएसडी मुख्य जागीच बसवावी आणि जुनी डिस्क कॅडीत, कारण काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीची जोडणी कमी वेगाची असते. दुसरी डिस्क बॅटरी खाते, हे प्रवासात काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : विंडोज १० चा पाठिंबा संपला आहे. मग अशा यंत्रात एसएसडी बसवणे व्यर्थ नाही का?

उत्तर : विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा लागतो, आणि एसएसडी बसवल्याने ही अट पूर्ण होत नाही. ज्यांची कामे ब्राउझर, लेखन आणि हिशेब एवढीच आहेत, त्यांनी लिनक्स मिंट यूएसबीवरून चालवून पाहावे. आवाज, वायफाय आणि छपाई नीट चालली, तर एसएसडीवर तेच टाकून यंत्र पुढची कितीतरी वर्षे सुरक्षित वापरता येते. बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी मात्र सुरक्षा दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर राहू नये, मग यंत्र कितीही वेगाने चालो.

प्रश्न : काढलेल्या जुन्या डिस्कचे काय करावे?

उत्तर : पहिले काही आठवडे तिला हात लावू नये. एखादी राहून गेलेली फाइल तिच्यातच सापडते. नंतर स्मार्टची नोंद स्वच्छ असेल, तर यूएसबी पेटीत घालून ती बॅकअपसाठी वापरावी. एसएसडी असलेल्या यंत्राला बॅकअपची गरज जास्त आहे, कारण एसएसडी अनेकदा पूर्वसूचना न देता बंद पडते आणि ट्रिममुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही जवळजवळ उरत नाही. डिस्क दुसऱ्याला देणार असाल, तर नुसते पुसणे किंवा झटपट फॉरमॅट पुरत नाही. यूएसबीवर जोडून ‘क्विक’ हा पर्याय काढून तिच्यावरील प्रत्येक पार्टिशन पूर्ण फॉरमॅट करावे. विंडोज व्हिस्टापासून या पद्धतीत संपूर्ण पार्टिशनवर शून्ये लिहिली जातात. ५०० जीबीच्या डिस्कला यूएसबीवरून काही तास लागतात, म्हणून ती रात्री लावून ठेवावी आणि लॅपटॉप त्या वेळेत झोपी जाणार नाही अशी पॉवरची मांडणी आधी करून घ्यावी.